नऊ माणसं आणि एक लिटर

मारुती व्हॅन ॲव्हरेजला लई भारी होती, असं आमच्या कोल्हापुरात साठीच्या पुढचा कुणीही गृहस्थ छातीठोकपणे सांगेल. मी त्या व्हॅनच्या मागच्या बाकड्यावर बसून लहानाचा मोठा झालो, तरी मला हे मान्य नाही. गावात लिटरला तेरा, हायवेला फार तर पंधरा आणि आंबा घाटात भरलेली असली तर अकरा. ८०० सीसीच्या इंजिनानं एवढं द्यावं यात डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं काही नव्हतं. हेच इंजिन मारुती ८०० मध्ये होतं आणि ती गाडी लिटरमागे तीन-चार किलोमीटर सहज जास्त जायची. पण तिची आठवण काढून कुणी गहिवरत नाही. व्हॅनची काढतात. तेव्हा ही कीर्ती आकड्याची नसून दुसऱ्या कशाची तरी असणार.

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि पुढच्या वर्षी तिच्या मागोमाग व्हॅन. सुझुकीची जपानमधली 'कॅरी' नावाची गाडी थोडाफार बदल करून इथं आणलेली. 'ऑम्नी' हे नाव तिला काही वर्षांनी मिळालं, पण आमच्याकडे ती शेवटपर्यंत व्हॅनच राहिली. त्याआधी घर भरून माणसं न्यायची तर दोनच वाटा होत्या. एक अँबॅसॅडर, जिनं लिटरला नऊ-दहा दिले तरी मालक देवाला नारळ फोडायचा. दुसरी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटेडोर. ती डिझेलवर चालायची आणि पोटात अख्खं वऱ्हाड घ्यायची, पण घरच्या वापराला कोण ठेवणार? लग्न, मयत, माल, एवढीच तिची कामं. त्या दोघींच्या मध्ये ही पत्र्याची ट्रंक चाकं लावून उभी राहिली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा वाटलं की आजी-आजोबांसकट सगळं घर आपल्याच गाडीतून नेता येईल.

आमची व्हॅन काकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जुनी घेतली. घर एकत्र, त्यामुळे गाडी कुणाची हा प्रश्नच नव्हता. पेट्रोल कुणाचं, हा मात्र रोजचा प्रश्न होता. शंभराच्या नोटेत तेव्हा पाच-सहा लिटर यायचं, आणि शंभराची नोट सहज मोडायची चीज नव्हती. पंपावर 'शंभरचं टाक' म्हणणारा माणूस ऐपतीचा. 'फुल्ल कर' म्हणणारा एक तर लांबच्या प्रवासाला निघालेला असायचा किंवा सरकारी गाडीचा ड्रायव्हर.

काका मात्र ॲव्हरेज काढायचं असलं की टाकी फुल्लच करायचे. त्यांची पद्धत ठरलेली. पंप तोच, शक्यतो सकाळची वेळ, पोऱ्यानं पाइप काढल्यावर गाडी दोन्ही बाजूंनी हलवायची म्हणजे टाकीतली हवा वर येते, मग पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. किलोमीटरचा आकडा डायरीत. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच तऱ्हेनं, पुन्हा गळ्यापर्यंत. मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनं भागायचं. हा भागाकार तोंडी करायचं काम आम्हा पोरांचं होतं. अपूर्णांक मला शाळेत कमी आणि शिरोली नाक्याच्या पंपावर जास्त समजले. उत्तर बाराच्या खाली आलं की गाडीत शांतता. मग चौकशी सुरू व्हायची. कॅरिअरवर बोजा कुणी बांधायला लावला, चोक अर्धा ओढलेला कुणी ठेवला, टायरात हवा कधी भरली होती, आत्याच्या गावाला वाकडी वाट करून कुणाच्या हट्टापायी गेलो. ॲव्हरेज खाली येण्यात प्रत्येकाचा थोडा-थोडा वाटा असायचा आणि तो ज्याच्या-त्याच्या पदरात घातला जायचा.

यातल्या बऱ्याच शंका खऱ्याही होत्या. व्हॅनचं तोंड म्हणजे सपाट भिंत. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, हा नियम सगळ्याच गाड्यांना लागू. पण उतरतं नाक असलेली गाडी हवा बाजूला सारते, तर व्हॅन तिला छातीनं ढकलायची. त्यात गिअर फक्त चार. पाचवा गिअर नसल्यामुळे सत्तरच्या पुढं काटा गेला की सीटखालचं इंजिन रडायला लागायचं, आणि ते अक्षरशः सीटखालीच होतं. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस इंजिनावर बसलेले. मे महिन्यात कराडच्या पुढं गेलं की पुढच्या सीटवर बसायचा मान कुणालाच नको असायचा. बारा इंचांची चाकं, जेमतेम ७८५ किलोंचं अंग आणि पस्तीस-सदतीस अश्वशक्ती. अशा गाडीला पंचेचाळीस ते पंचावन्नचा वेग मानवायचा. पेट्रोल वाचवा म्हणून सरकारी जाहिराती रेडिओ-टीव्हीवर नेमका हाच वेग सांगायच्या आणि सिग्नलला इंजिन बंद करायला बजावायच्या. काका त्या जाहिराती श्रद्धेनं पाळायचे. कोल्हापूरहून पुण्याला जायला त्यामुळे सहा तास लागायचे, पण लिटरला पंधरा मिळायचे, आणि घरी आल्यावर प्रवास कसा झाला या प्रश्नाचं उत्तर 'पंधरा' असं मिळायचं.

ॲव्हरेज घसरलं की गाडी ज्यांच्याकडं जायची त्या मिस्त्रींबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्यांचं शास्त्र आता बुडालं. आमचे मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातले. फाउंड्र्या, लेथ, ऑइल इंजिनं यांच्या गजबजाटात त्यांचं एका शटरचं गॅरेज. व्हॅन दारात आली की आधी बॉनेट उघडावं, तर व्हॅनला पुढं बॉनेट कुठलं? ते ड्रायव्हरची सीट उचलून ठेवत, इंजिन चालू ठेवून जरा वेळ नुसते ऐकत, मागं जाऊन सायलेन्सरपाशी हात धरत आणि बोटं नाकाशी नेत. मग प्लग काढत. प्लगचं टोक काळं असलं तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी; पांढरट पडलं असलं तर हवा जास्त, इंजिन तापतंय; आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं असलं की 'आता हात लावू नका अण्णा, झ्याक चाललंय.' कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू पाव फेरा इकडं-तिकडं करण्यासाठी ते अर्धा तास घालवत. त्या पाव फेऱ्यात एक किलोमीटर लपलेला असे. पॉइंट घासायचे, टायमिंग लावायचं, टॅपेट ऐकायचे, एअर फिल्टर हवेनं झाडायचा. मिस्त्रींकडून आल्यानंतरच्या पहिल्या टाकीला काका जेवढे आतुर असत, तेवढे आमच्या परीक्षेच्या निकालालाही नसत.

२००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातून गेलं आणि व्हॅनलाही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं ते आता एक छोटा संगणक ठरवतो. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला, हे एक सेन्सर सतत सांगत असतो आणि त्यावरून मिश्रण क्षणोक्षणी बदलतं. मिस्त्री बोटं हुंगून जे आठवड्यातून एकदा करत, ते हा सेन्सर सेकंदाला कित्येकदा करतो आणि त्यांच्यापेक्षा नक्कीच चांगलं करतो. थंडीत चोक ओढून दहा मिनिटं गाडी घरघरत ठेवायची गरज संपली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी जानेवारीतल्या पहाटे चोक विसरलेली व्हॅन ढकलून पाहावी.

याच बदलात घाटाचं गणितही उलटं झालं, पण ते फार थोड्यांना समजलं. पूर्वी उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, धीट असला तर इंजिनच बंद करायचं आणि आंबा घाट फुकटात उतरायचा. कार्बोरेटरच्या गाडीत यानं चार थेंब वाचत असतील, हे खरं. पण इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही बंद; दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की पॅडल दगडासारखं व्हायचं. मागं आजी, काकू, आत्या, पाच पोरं, पितळी डबे आणि समोर वळण. इंजेक्शनच्या गाडीला उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की ती पेट्रोल पूर्ण तोडते. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलला टाकली तर मात्र इंजिन जिवंत ठेवायला तिला थोडं पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे आता घाटात न्यूट्रल करणारा माणूस जीव धोक्यात घालून वर पेट्रोलही जाळतो. तरीही अणुस्कुऱ्याला किंवा गगनबावड्याच्या पुढं उतारावर सुळकन निसटलेली नवीकोरी गाडी दिसली, की ओळखावं, आत कुणाचा तरी काका बसला आहे.

पेट्रोल वाचवण्याचे घरगुती मार्ग संपले की माणसं दुसऱ्या मार्गांकडं वळत. आमच्याकडचा सर्वमान्य मार्ग म्हणजे निपाणीची हवा खाऊन येणं. कर्नाटकात पेट्रोल लिटरला दोन-तीन रुपयांनी स्वस्त असलं की कोगनोळीच्या पुढच्या पंपांवर एमएच-०९ च्या रांगा लागायच्या. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, पस्तीस लिटरच्या टाकीवर ऐंशी-नव्वद रुपये वाचवायचे आणि त्याहून जास्तच जाण्या-येण्यात जाळायचे. हा हिशेब कुणी मांडून दाखवला, तर 'काम हुतंच की तिकडं' असं उत्तर तयार असायचं. काम म्हणजे चहा.

दुसरा मार्ग गॅसचा. घरगुती लाल सिलिंडर मागच्या बाकाखाली आडवा ठेवायचा, कुठून तरी आणलेलं किट बसवायचं आणि डॅशबोर्डाखालच्या एका बटणानं पेट्रोलवरून गॅसवर जायचं. १४.२ किलोंच्या त्या सिलिंडरवर अनुदान असल्यामुळे किलोमीटरचा खर्च अर्ध्यावर यायचा. हे बेकायदा होतं, सगळ्यांना माहीत होतं आणि गल्लीत राजरोस चालायचं. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनच्या दारातून गॅसचा वास यायचा आणि आया मुलांच्या हातात डबा देऊन ते दार ओढून घ्यायच्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो. पुढं वाहनांसाठी वेगळा गॅस आणि वेगळी टाकी कायद्यात आली, कंपनीनं स्वतःच गॅसवरची ऑम्नी काढली, आणि तरीही बराच काळ लाल सिलिंडर काही हटला नाही. स्मरणरंजन करताना हा वासही लक्षात ठेवला पाहिजे.

ॲव्हरेजचा खरा जाणकार मात्र काका नव्हते आणि मिस्त्रीही नव्हते. तो होता वडापवाला. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात एसटीला समांतर चालणाऱ्या या धंद्यात जीप, ट्रॅक्स आणि त्यांच्या जोडीला व्हॅन असायच्या. वडापवाल्याला लिटरला किती किलोमीटर हे विचारलं तर तो सांगायचा नाही. तो सांगायचा, एका फेरीला पेट्रोलचे इतके आणि सात सीट बसली की ते सुटतात, आठव्या सीटपासून आपला पैसा. म्हणून तो आठवं, नववं आणि दाराशी लटकणारं दहावं सीट आल्याशिवाय हलत नसे. काका लिटरमागे किलोमीटर मोजायचे. वडापवाला लिटरमागे माणसं मोजायचा, आणि त्याचंच बरोबर होतं असं मला आता वाटतं.

कारण हाच हिशेब आमच्या घरच्या व्हॅनला लावून पाहा. गणपतीपुळ्याला निघालो की नऊ माणसांपेक्षा कमी कधीच नव्हतो, आणि मांडीवरची पोरं मोजली तर आणखी. घाट धरून लिटरला तेरा मिळाले असं मानू. नऊ गुणिले तेरा, म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये एक माणूस ११७ किलोमीटर गेला. व्हॅनची कीर्ती इथं आहे. कंपनीनं पाच सीटची आणि आठ सीटची अशा दोन तऱ्हांनी ती विकली. आठवालीत मागं समोरासमोर बाकडी. ती रिकामी धावली तर सामान्य गाडी होती. पण ती रिकामी धावायचीच नाही. पुण्याला निघालेल्या व्हॅनमध्ये जागा आहे ही बातमी गल्लीत आदल्या रात्रीच पोहोचायची आणि सकाळी कुणाचा तरी कॉलेजातला पोरगा पिशवी घेऊन दारात उभा असायचा. त्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

याच हिशेबानं सगळ्यांना हरवते ती एसटी. तिच्या आगारात डिझेलचं माप दहा लिटरला किती किलोमीटर असं ठेवतात आणि ते पन्नासच्या आत-बाहेर असतं. म्हणजे लिटरला पाच. हसू येईल असा आकडा. पण चाळीस माणसं बसली की माणशी दोनशे किलोमीटर होतात, आणि यात्रेच्या दिवसांत किती बसतात ते कंडक्टरलाही सांगता येत नाही.

आता आजच्या गाड्यांकडं येऊ. इथं मला यंत्रशास्त्राचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही. ऑम्नी बंद झाली २०१९ साली. नव्या सुरक्षा नियमांत तिला बसवणं शक्य नव्हतं. तिचा वारसा चालवतेय त्याच घरची ईको, जी २०१० पासून विकली जातेय. ईकोचं इंजिन १.२ लिटरचं, ताकद ऐंशी अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे जुन्या व्हॅनच्या दुपटीहून जास्त, अंगानंही जड. आणि २०२२ च्या शेवटी आलेल्या नव्या इंजिनावर तिचा प्रमाणित आकडा आहे लिटरला १९.७१ किलोमीटर, सीएनजीवर किलोला २६.७८. रस्त्यावर एवढे मिळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जे मिळतात ते जुन्या व्हॅनपेक्षा जास्तच असतात. दुप्पट ताकदीची ठोकळा गाडी कमी पेट्रोल पिते, ही गोष्ट आमच्या मिस्त्रींना सांगितली असती तर त्यांनी सायलेन्सर हुंगून पाहिला असता.

प्रमाणित आकडा कुठून येतो हेही सांगतो, कारण त्याचं घर पुण्यात आहे. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. पुणेकर त्या बाजूला एआरएआय टेकडी म्हणतात आणि सकाळी पाच वाजता तिथं फिरायला जातात. जाहिरातीत बारीक अक्षरांत छापलेला आकडा अशाच चाचणीतून ठरतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात, ठरलेल्या वेळापत्रकानं वेग वाढतो आणि कमी होतो, नव्वदच्या पुढं जात नाही, आणि वर्षानुवर्षं ही चाचणी एसी बंद ठेवून झालेली आहे. टेकडीवर राहून चढाचा विचार नाही, असं मी गमतीनं म्हणतो. पण सगळ्या गाड्यांना एकच माप लावायचं तर ते असंच असावं लागणार. आमच्या काकांचं माप आंबा घाट, आत्याचं गाव आणि कॅरिअरवरचा फणस धरून होतं. ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावता आलं नसतं.

माझा पुतण्या पुण्याला असतो. बाणेरहून हिंजवडीला जातो, त्याच्या उंच, रुंद, बाराशे किलोंच्या पुढच्या गाडीतून, एकटा. गाडी सुंदर आहे. डॅशबोर्डावर क्षणाक्षणाचं ॲव्हरेज उमटतं, डायरी नको आणि भागाकारही नको. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू. सरकारी जाहिरातीत जे पंचवीस वर्षं सांगत होते ते आता गाडीच करते. पुतण्यानं पहिल्याच आठवड्यात ते बटण दाबून बंद करून टाकलं. एसीची हवा जाते म्हणाला. भूमकर चौकात अर्धा-अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, पडद्यावर ९.८ असं दिसतं, आणि त्याचं त्याकडं लक्षही नसतं. मी लक्ष वेधलं तर म्हणाला, "काका, पेट्रोल कार्ड ऑफिसचं आहे." लिटरला ९.८, माणूस एक. वडापवाल्याच्या मापानं जुनी व्हॅन याच्या बारापट बरी.

इथं पुतण्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या इंजिनातली कारागिरी त्या व्हॅनच्या मानानं पुष्कळ पुढची आहे. पण जे वाचलं ते आपण वजनात घातलं, एसीत घातलं, मोठ्या टायरांत घातलं आणि सगळ्यात जास्त रिकाम्या सीटांत घातलं. वजनातलं मात्र सगळंच वाया गेलेलं नाही. त्यात एअरबॅग आहेत, दारांतल्या तुळया आहेत, पुढं चेपून जाणारी आणि माणसाला वाचवणारी जागा आहे. व्हॅनमध्ये समोरच्या पत्र्याच्या मागं थेट ड्रायव्हरचे गुडघे होते. आमच्या नऊ जणांपैकी पट्टा एकानंही लावलेला नसे, दोघं तर इंजिनाच्या टपावर तिरके बसलेले. आम्ही त्या ११७ किलोमीटरांचे आकडे आज ऐटीत सांगू शकतो, याचं एक कारण असं की आम्ही नशीबवान ठरलो. काही जण ठरले नाहीत, हायवेलगतच्या प्रत्येक गावाला त्यांची नावं ठाऊक आहेत.

पेट्रोलही ते राहिलं नाही. मुंबईत लिटरनं शंभरी ओलांडली २०२१ च्या मे महिन्यात; ज्या नोटेत टाकीचा तळ झाकला जायचा तिच्यात आता एक लिटर पुरतं येत नाही. आणि त्या लिटरातला पाचवा हिस्सा हल्ली इथेनॉल असतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ऊर्जा एक-तृतीयांश कमी, तेव्हा वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, जुन्या धाटणीच्या चारचाकींचं सहा-सात टक्के आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचं एक-दोन टक्के कमी होईल असा अंदाज दिलेला होता. लिटरला पंधरा देणारी गाडी चौदा देऊ लागली, इतकाच फरक. पण ज्यांनी जन्मभर एकेका किलोमीटरसाठी मिस्त्रीच्या दारात दुपारी घालवल्या, त्यांना तो फरक कसा चुकेल?

आमच्याकडं या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. काकांचा दीड एकर ऊस आहे. तो ज्या कारखान्याला जातो तिथं डिस्टिलरी आहे, तिथलं इथेनॉल तेल कंपन्या घेतात, आणि शेवटी ते काकांच्याच दहा-बारा वर्षं जुन्या गाडीच्या टाकीत येऊन पडतं. म्हणजे एका खिशातून ॲव्हरेज जातं आणि दुसऱ्या खिशात, निदान कागदोपत्री, ते परत येतं. मी हे चक्र काकांना कौतुकानं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक किलोमीटर कमी द्या म्हणावं, पण उसाचं बिल चौदा दिवसांत द्या."

काका आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या मनात परवा पुन्हा गणपतीपुळं आलं. सगळे म्हणजे अकरा जण. घरात आता चार गाड्या आहेत, पैकी तीन न्याव्या लागतील असा पुतण्याचा हिशेब. तीन गाड्या, प्रत्येकीचं घाटात लिटरला बारा धरलं, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, म्हणजे पंचाहत्तर लिटर; काकांनी हे तोंडी केलं, मोबाइल कुणी काढायच्या आत. व्हॅनला एवढ्याच अंतराला पंचवीस लागायचे. शेवटी ट्रॅव्हलर ठरवला. बजाज टेम्पोचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं, तरी ट्रॅव्हलरला आमच्याकडं अजून टेम्पोच म्हणतात. ड्रायव्हर गाडी दाखवायला घेऊन आला. काकांनी सीट मोजल्या, टायर लाथेनं ठोकून पाहिले, मागं जाऊन सायलेन्सरकडं नजर टाकली आणि विचारलं, "कितीचं देती?"

"अकरा. एसी लावला तर धा." ड्रायव्हर म्हणाला, "पर तुमास्नी काय करायचंय आजोबा? भाडं किलोमीटरवर हाय, डिझेल मालकाचं."

काका मान हलवत म्हणाले, "मग रिकाम्या सीटा कशाला न्यायच्या? आत्याच्या दोन पोरींना फोन लावा."